चोपन्नावा अंगठा

१४ मे, बुधवार

निवृत्त झालो तेव्हा कार्यालयातून ही वही मिळाली होती. पाच वर्षं कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही. मुलगी वी जर्मनीत असते. तिला फोनवर सांगितलं तर ती आधी हसेल, मग रडेल, आणि मीच तिची समजूत घालत बसेन.

आईच्या हृदयाचे ठोके मध्येच गळतात. डॉक्टर म्हणाले, छातीत एक छोटं यंत्र बसवू, तासाभराचं काम आहे, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही बसवतात. पण महिन्याभरात बसवा, नाहीतर एखाद दिवशी ठोका गळेल तो पुन्हा लागणारच नाही. आईने सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून विडा काढून तोंडात टाकला आणि डॉक्टरांना अगदी गोड शब्दांत नाही म्हणाली.

घरी येताना होंडावर मागे बसून ती माझ्या कानाशी बोलली. "लाम, तू अजून माझा नाहीस. आधी तुला सोडवून आणू दे. मग त्यांना काय कापायचं ते कापू देत."

मी विकलेला मुलगा आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या आधीचा भाऊ अकरा महिन्यांचा होऊन गेला. मी जन्मलो तोही वाईट घटकेला, निळापांढरा, दूध न पिणारा. पाचव्या महिन्यात आईने मला दोन फणसांच्या विहारात नेलं आणि दुक ओंगना विकलं. दुक ओंग म्हणजे विहाराचे रखवालदार देव, लालबुंद चेहऱ्याचे. जगण्याची खात्री नसलेल्या पोरांना आमच्याकडे असंच विकतात. पोर राहतं आईपाशीच, पण कागदावर देवाचं होतं. मरण दारात विचारायला आलं की ते म्हणतं, अरे, हे तर त्यांचं, आणि निघून जातं. तेराव्या वर्षी चिकट भात रांधून न्यायचा, कागद जाळायचा आणि पोराला परत आणायचं. माझं ते राहून गेलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"मेल्यावर तिकडे कुणी विचारलं, मागे कोण आहे, तर काय सांगू? उदबत्ती लावणारा मुलगा आहे, पण तो दुसऱ्यांच्या नावावर?"

चाळीस वर्षं मी भूमापन खात्यात काढली. ज्याचा कागद त्याची जमीन, हे मी हजारो लोकांना सुनावलं आहे. आता माझंच प्रकरण प्रलंबित निघालं.


१६ मे, शुक्रवार

विहारात जाऊन आलो. काम अर्ध्या तासाचं आहे असं समजून गेलो होतो.

फाटकाबाहेर न्यामताईची चहाची टपरी. आधी तिच्या आईची होती. दर चांद्र नववर्षाच्या पहिल्या दिवशी मी आईला इथे घेऊन येतो, पूर्वी सायकलवर, आता होंडावर. ती आत जाते आणि मी इथे बसून थंड चहा पितो. आत कधी गेलो नाही. तरुणपणी सरकारी माणसाला ते शोभत नव्हतं, आणि नंतर सवय झाली. तासाभराने आई लाल चिकट भाताचा डबा घेऊन बाहेर यायची, डबा भरलेलाच असायचा, आणि आम्ही तळ्याच्या काठी बसून तो खायचो. मला आवडतो म्हणून ती देवापुढे जरासाच ठेवते असं मी समजत आलो.

मी फाटकाकडे वळलो तशी न्यामताई म्हणाली, "अहो, टपरी इकडे आहे. उन्हाने डोकं फिरलं की काय?"

उंबरठा माझ्या गुडघ्याइतका उंच आहे. तो ओलांडायला खाली बघावंच लागतं, आणि खाली बघितलं की मान आपोआप वाकते. ज्याने बांधला तो हुशार होता. आत दोन फणस, बुंध्यालाच लगडलेले. त्यांच्यामागे छप्पर, कोपऱ्यांवर वर उचललेलं, आणि त्याच्यावर माशाच्या खवल्यांसारखी कौलं, शेवाळलेली. रस्त्यावरचा आवाज कुठे गेला ते कळलं नाही. मी दोन मिनिटं उभाच राहिलो. उगाच.

विहार सांभाळणाऱ्या भिक्खुणी, गुरुमाय दाम थुआन, ओसरीवर शेंगा सोलत होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, पाठीत वाकलेल्या, बाह्या कोपरापर्यंत वर. मी नाव सांगायच्या आतच म्हणाल्या, "आलास? आधी जेव."

मी जेवायला आलेलो नाही, एक कागद हवा आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, कागद साठ-पासष्ट वर्षं कुठे गेला नाही, तो तुझ्या जेवणाएवढा वेळ थांबेल. टोफू, पाण्यात उगवणारी पालेभाजी, आंबटसर रस्सा. चांगलं होतं. बायको गेल्यापासून दुपारी मी उकळत्या पाण्यातल्या शेवयांवर भागवतो, त्यामुळे काहीही चांगलंच लागणार.


१९ मे, सोमवार

कागदांच्या तीन पेट्या. फणसाच्या लाकडाच्या, म्हणून कसर नाही. पण आतली व्यवस्था म्हणजे आनंदीआनंद. ना अनुक्रमणिका, ना वर्षवारी. कुणाचं पाऊल कुणाच्या डोक्यावर. आमच्या खात्यात असं असतं तर निम्मं शहर दुसऱ्याच्या घरात झोपलं असतं.

शनिवारपासून तीन दिवस कागद लावतो आहे. वर्षवारी केली, मग आडनावं शोधली. फुंग आडनावाचा एकही कागद नाही. चारशे अकरा पोरं, आणि त्यांत मी नाही. आज दुपारी मी गुरुमायना स्पष्टच विचारलं, कागद हरवला असेल तर तसं सांगा.

"काय नाव शोधतोयस?"

"माझंच. फुंग दिन्ह लाम."

त्या हसायला लागल्या ते त्यांना खांबाला टेकावं लागलं. "अरे शहाण्या, विकलेल्या पोराला बापाचं आडनाव कुठून राहील? इथे आलं की सगळे मौ. मौ शोध."

चारशे अकरा कागदांवर मौ लिहिलेलं आहे. मला वाटलं होतं ते खात्याचं नाव असेल. मौ लाम मी तीनदा हातात घेऊन बाजूला ठेवला होता. ही गोष्ट न्यामताईपर्यंत माझ्या आधी पोचली. मी बाहेर आलो तर म्हणते, "बसा हो मौसाहेब."


२० मे, मंगळवार

कागद मिळाला. पिवळा पडलाय, पण अक्षर ठसठशीत आहे. खाली माझ्या पावलाचा ठसा, शेंदरी. आजच्या माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासाच मोठा. एवढ्याशा पावलाच्या प्राण्याबद्दल कुणी एवढा करारनामा करावा याचं नवल वाटलं. पावलाशेजारी आईचा अंगठा. आईला लिहिता येतं, पण इथे रीत अंगठ्याचीच.

मग मी कागद उलटला.

मागे ओळीने अंगठे. प्रत्येकाखाली साल. पहिला, शहरावर विमानांनी बॉम्ब टाकले त्या हिवाळ्यानंतरच्या नववर्षाचा, मी तेराव्यात पदार्पण केलं त्या वर्षीचा. शेवटचा यंदाच्या नववर्षाचा. त्रेपन्न. सगळे एकाच बाईचे. हे मला कुणी सांगायला नको, अंगठे ओळखण्यात माझी हयात गेली. सुरुवातीच्या ठशांत रेषा न् रेषा दिसते. पुढे पुढे ठसे गुळगुळीत होत जातात. म्हाताऱ्या माणसांचे असेच येतात, काम करून रेषा झिजतात. खात्यात आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा दाबायला लावायचो.

एका क्षणात सगळं लक्षात आलं. त्रेपन्न वर्षं ती मला सोडवायला येत होती, आणि त्रेपन्न वर्षं यांनी तिला परत पाठवलं. अर्ज आला, शिक्का मारला, पुढच्या वर्षी या. हा प्रकार मला चांगला माहीत आहे, मी स्वतः केलेला आहे. आणि मी बाहेर बसून चहा पीत होतो.

मी गुरुमायना म्हणालो, "एका विधवा बाईला इतकी वर्षं ताटकळत ठेवलंत, हाच तुमचा धर्म?"

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आईला विचार."

न जेवता निघून आलो. आईला विचारलं नाही. तिला त्रास होईल असं काही बोलू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ती अंथरुणावरून म्हणाली, "फणस पिकलेत का?" मी म्हटलं, अजून नाहीत.


२४ मे, शनिवार

मला सोडवायचा दिवस ठरला. पाचव्या महिन्याची पौर्णिमा, १० जून. डॉक्टरांची मुदत १४ ला संपते. चार दिवस हाताशी राहतात, तेव्हा चालेल.

पण एक अट निघाली. सोडवायच्या मुलाने अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज विहाराचं अंगण झाडायचं. मी म्हटलं, ते बारा वर्षांच्या पोरांसाठी असेल. गुरुमाय म्हणाल्या, हो, तू उशीर केलास.


२८ मे, बुधवार

अंगण झाडायला दोन तास लागतात. उगवतीच्या बाजूने सुरू करायचं. फणसाची पानं जड असतात, बांबूचा खराटा त्यांना ढकलतो, पण बकुळीची फुलं विटांच्या फटीत बसतात. ती हातानेच उचलायची. पहिल्या दिवशी कंबर धरली. आज जरा बरं आहे.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अंगणाला उतार आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी ओतलं की ते चारही बाजूंनी दक्षिणेच्या कोपऱ्यात जातं. उद्या उतार मोजायची पाणसळ घेऊन जाईन. झाडताना अडचण होऊ नये, एवढ्यासाठीच.


१ जून, रविवार

मोजमाप घेतलं. उतार शंभराला दीड. तीनशे वर्षांपूर्वी, दोरी आणि पाण्याची वाटी एवढ्यावर. आमच्या खात्याने गेल्या दशकात आखलेल्या रस्त्यात दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतं.

अठ्ठेचाळीस खांब. सगळे सरळ दिसतात आणि एकही सरळ नाही. प्रत्येक बोटभर आत कललेला आहे, म्हणून छपराचा भार आतल्या आत पेलला जातो. एकही खिळा नाही. खोबणीत लाकडाची कूस म्हणजे जीभ, कुशीत पाचर. मी आढ्याखाली उताणा झोपून बघत होतो. तिथे कुणी सुतार एका तुळईवर आतल्या बाजूने छोटंसं बदक कोरून गेला आहे. ते उभ्याने दिसत नाही, उताणं झोपलं तरच दिसतं. कुणाला दाखवायला कोरलं असेल? मला फार आनंद झाला. एवढा आनंद होण्यासारखं त्यात काय आहे ते कळत नाही, पण झाला, म्हणून लिहितो.

गुरुमाय येऊन माझ्याकडे वाकून बघायला लागल्या. म्हणाल्या, "सापडलं वाटतं बदक. मला नवव्या वर्षी सापडलं होतं. तू त्याच्याकडे बघत दूध प्यायचास."

मी विचारलं, मी? इथे? तर म्हणे विकल्यानंतरचे पहिले सहा महिने आई मला रोज कामावर जाताना इथे ठेवून जायची. गुरुमाय तेव्हा विहारातली अनाथ पोर होती. "फार रडका होतास. माझी कंबर तुझ्यामुळेच वाकली."

संध्याकाळी आईला बदकाचं सांगितलं. तिला उताराचंही सांगितलं, खांबांचंही. ती डोळे मिटून ऐकत होती. झोपली असं वाटून मी थांबलो तर म्हणाली, "मग?"


५ जून, गुरुवार

आज मुख्य गाभाऱ्यातल्या मूर्ती पुसल्या. हे माझं काम नव्हे, पण गुरुमायच्या हाताला आता उंचीवर पोचता येत नाही. सर्वात वरच्या ओळीत तिन्ही काळांचे बुद्ध, सोनेरी, शांत. त्यांच्याखाली एका बाजूला उपासाने झिजलेले बुद्ध, बरगड्या मोजता येतील असे, आणि गळ्याशी दोन शिरा. लाकडातून शीर कशी काढतात? मी ओल्या फडक्याने एकेक बरगडी पुसली.  शेवटच्या दिवसांत बायको अशीच झाली होती, तिला पुसतानाही मी असाच हलका हात ठेवायचो. तिथे जरा वेळ बसलो. रडलो, असं लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे.

दुक ओंग डाव्या हाताला बसतात. माझे कायदेशीर मालक. लाल चेहरा, मोठी दाढी, डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी. आमच्या जुन्या संचालकांसारखे दिसतात. गुरुमाय म्हणाल्या, हे मुळात श्रावस्तीचे व्यापारी अनाथपिंडिक, ज्यांनी बुद्धांना आख्खं वन दिलं. अनाथांना, एकट्यादुकट्यांना घास भरवायचे म्हणून तसं नाव. म्हणून पोरं यांनाच विकतात.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तिथे रोज जेवतोस?"

"रोज. त्या सोडतच नाहीत."

"आणि बोलतोस कुणाशी?"

मी सांगितलं, गुरुमायशी, अमावस्या-पौर्णिमेला येणाऱ्या बायकांशी, न्यामताईशी. पेट्यांची अनुक्रमणिका करायला घेतली आहे, ती पुरी व्हायला वर्ष लागेल असंही सांगितलं. मग आठवलं, वर्ष कुठलं, मंगळवारी माझं काम संपतंय. तेही सांगितलं.

आईने पानाची पिशवी उघडली आणि तशीच मिटली. विडा लावला नाही. नव्या गोळ्यांनी ती सुस्त होते असं दिसतं, डॉक्टरांना विचारायला हवं.


१० जून, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आईने पहाटेच उठून भात रांधायला घेतला. मी नको म्हणालो तर मला स्वयंपाकघरातून हाकललं. लाल चिकट भात, विड्याची पानं, सुपारीचा घोस, पांढरी कमळं. टॅक्सीने गेलो. उंबरठ्यापाशी मी तिला उचलू लागलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली आणि खांबाला धरून स्वतः पाय पलीकडे टाकला. न्यामताई टपरी सोडून आत आली होती. पौर्णिमेच्या बायकाही होत्या. कुणीतरी मला चिडवलं, नवरदेव घामाघूम झालेत.

गुरुमायनी मंत्र म्हटले, कागद वाचला. मौ लाम, जन्म अमुक घटकेला, आईच्या विनंतीवरून दुक ओंगच्या पदरात. मग त्यांनी कागद आईच्या हातात दिला आणि दिवा पुढे सरकवला. आता तिने कागद ज्योतीवर धरायचा, की झालं.

आईने कागद धरला नाही. उलटला. मागचे अंगठे एकेक करून बोटाने चाचपले. मग तिने मान वळवून आवाराकडे पाहिलं. अंगण मी सकाळी झाडलं होतं, त्याच्यावर खराट्याच्या रेघा होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"शेंदूर आहे का गं?" ती गुरुमायला म्हणाली.

गुरुमाय उठल्या आणि शेंदराची वाटी घेऊन आल्या. जणू त्यांनी ती तयारच ठेवली होती. आईने अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. चोपन्नावा.

"राहू दे त्याला," आई म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे."

 माझे कान तापले. पासष्ट वर्षांचा माणूस, पंधरा दिवस अंगण झाडून, चारचौघांत पुन्हा विकला गेलो. मी उठून बाहेर गेलो आणि टपरीवर बसलो. टपरीवर कुणी नव्हतं. स्वतःच चहा ओतून घेतला.

थोड्या वेळाने आई आली, न्यामताईच्या हाताला धरून, दुसऱ्या हातात भाताचा डबा. डबा भरलेला. ती माझ्याशेजारी लाकडी बाकड्यावर बसली आणि डबा उघडून माझ्यापुढे केला, दर वर्षीसारखा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो भात देवाचा नव्हताच कधी. तो मला सोडवायचा भात होता.

"दर वर्षी?" मी विचारलं.

"दर वर्षी. रांधायचे, म्हणायचे आज आणते पोराला घरी. पहिल्या वर्षी तर अगदी दारापर्यंत आले. त्या बॉम्बच्या हिवाळ्यात गल्लीतली दोन पोरं गेली, ठाऊक आहे ना? दोघांनाही सोडवून आणलेलं, तुझ्याच वयाची. उंबऱ्यात पाय अडला रे माझा. म्हटलं, एक वर्ष आणखी राहू दे, आणि अंगठा दाबून आले. मग तू सैन्यात गेलास. म्हटलं, परत येऊ दे. मग आलास, तर म्हटलं, उगाच कशाला मरणाची खोडी काढा. मग सून आजारी पडली."

"मग आता का मागत होतीस?"

"मरायची वेळ आली की माणूस हावरं होतं," ती म्हणाली. "वाटलं, शेवटी तरी माझ्या नावावर असावास. आई म्हणून जावं."

मी तिला सांगितलं, तू माझी आईच आहेस, कागदाने काय होतं. चाळीस वर्षं जे बोललो त्याच्या बरोबर उलट.

"ते मला माहीत आहे. पण तुला घरी आणलं आणि मी गेले, तर घरी कोण आहे? तुझी पोर तिकडे लांब. तू शेवया उकळत बसशील भिंतीकडे बघत." तिने भाताचा एक मुटका करून माझ्या हातात दिला. "तिकडे विचारलं, मुलगा कुठाय, तर सांगीन, चांगल्या घरी ठेवून आलेय."

मी मुटका तोंडात घातला. तिने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, घास अडकलेल्या पोराला मारतात तशा.

"चल," ती म्हणाली, "आता कुठे आहेत ते डॉक्टर?"


१३ जून, शुक्रवार

यंत्र बसलं. पाऊण तास लागला. शुद्धीवर आल्या आल्या आईने दवाखान्यातल्या पेजेला नावं ठेवली. नर्सला म्हणाली, हे कपडे धुतलेलं पाणी आहे. गुरुमायनी कमळबियांची खीर पाठवली होती, ती सगळी संपवली.


२ जुलै, बुधवार

अनुक्रमणिका सालवार करायची की गल्लीवार, यावर गुरुमायशी भांडण झालं. त्या म्हणतात गल्लीवार, कारण आया गल्ली सांगतात, साल विसरतात. त्यांचं बरोबर आहे, पण मी कबूल केलेलं नाही. अंगण अजून मीच झाडतो. अट संपली हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, मीही विषय काढत नाही.


३ नोव्हेंबर, सोमवार

आई काल सकाळी गेली. विडा लावत होती. चुना लावून झाला होता, सुपारी राहिली.

डॉक्टर म्हणाले, यंत्र शेवटपर्यंत नीट चाललं. गुरुमाय रात्रीपर्यंत बसून होत्या. जाताना म्हणाल्या, उद्या जेवायला ये. विचारलं नाही, सांगितलं.


१७ फेब्रुवारी, मंगळवार. नववर्षाचा पहिला दिवस

वी आली आहे, दहा दिवसांसाठी. सकाळी मी भात रांधला. रंग बरा आला, पण खाली लागला. वी म्हणाली, आजीने बघितलं असतं तर डबा तुमच्या डोक्यावर उपडा केला असता. मी म्हटलं, हो.

न्यामताईने आज मला फाटकात अडवलं नाही. वीला मात्र बसवून घेतलं आणि म्हणाली, "बस गं. तुझे बाबा इथे पन्नास वर्षं बसले, आता तुझी पाळी." वी खरोखरच बसली आणि थंड चहा मागितला. मी एकटाच उंबरठा ओलांडला.

गुरुमायनी पेटी उघडून ठेवली होती. तिसरी पेटी, तळ्याकाठची गल्ली, मौ लाम. गल्लीवारच लावलं शेवटी. शेंदराची वाटी बाजूला.  मी कागद उलटला. आईचा चोपन्नावा अंगठा मी आज नीट पाहिला. इतका गुळगुळीत, की त्यात एकही रेष नाही, नुसता लाल डाग. खात्यात आम्ही असा ठसा स्वीकारला नसता.

मी अंगठा बुडवला आणि तिच्या शेजारी दाबला. उचलून पाहिलं तर माझाही पुसट आला होता. आठ-नऊ महिने खराटा धरून माझ्याही रेषा गेल्या असाव्यात.

"नीट उमटला नाही," गुरुमाय म्हणाल्या. "पुन्हा दाब."

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नीट लावीन."